धातूंच्या अंतरंगातील वाटसरू

बाळाच्या बारशाला आजोळहून आलेला चांदीचा वाटी-चमचा बहुतेक घरांच्या कपाटात जपून ठेवलेला असतो. त्या चमच्याने गरम खीर ढवळणाऱ्या गृहिणीला एक अनुभव हटकून येतो. चमचा खिरीत क्षणभर राहिला, की त्याची दांडी वरच्या टोकापर्यंत तापते आणि तो हातात धरवत नाही. स्टीलचा चमचा मात्र त्याच पातेल्यात बराच वेळ राहिला तरी त्याचे वरचे टोक कोमटच असते. या साध्या अनुभवाच्या मुळाशी जे कारण आहे, तेच कारण दुकानातील दिवा पेटवते, पेढीवरचा संगणक चालवते आणि प्रसंगी गोदामाला आगही लावते. उष्णता वाहून नेणे आणि वीज वाहून नेणे ही दोन कामे धातूच्या अंतरंगात प्रामुख्याने एकाच घटकाकडून होतात. जो धातू एका कामात चांगला, तो बहुधा दुसऱ्यातही चांगला, हे वीडमान आणि फ्रान्झ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी 1853 मध्ये दाखवून दिले. त्या कामामागील कामकरी कोण, हे त्यांना मात्र ठाऊक नव्हते.

तुटलेल्या रेशमाची गोष्ट

वीज एका वस्तूतून दुसरीकडे जाऊ शकते, हे प्रथम पद्धतशीरपणे तपासले ते स्टीफन ग्रे या इंग्रज गृहस्थाने. तो व्यवसायाने रंगारी होता. 1729 च्या उन्हाळ्यात केंट परगण्यात ग्रॅनव्हिल व्हीलर या आपल्या मित्राच्या घरी त्याने तागाची लांब दोरी टांगली. तिच्या एका टोकाशी घासलेली काचेची नळी धरली, की दुसऱ्या टोकाचा हस्तिदंती चेंडू हलके कण ओढून घेई. दोरी टांगण्यासाठी त्यांनी रेशमाचे धागे वापरले होते. दोरीची लांबी वाढवता वाढवता तिच्या भाराने रेशीम तुटले. मजबुतीसाठी त्यांनी तेथे पितळेची बारीक तार लावली, आणि प्रयोगच थांबला. वीज दुसऱ्या टोकाला पोहोचेना.

रेशीम बारीक असल्यामुळे वीज त्यातून निसटत नाही, असा त्यांचा आधीचा समज होता. पितळेची तारही तितकीच बारीक होती. तरी वीज त्या तारेतून छताकडे निघून जात होती. म्हणजे प्रश्न जाडीचा नव्हता, पदार्थाच्या जातीचा होता. वाहक आणि विसंवाहक हा भेद जगाला असा एका तुटलेल्या धाग्यामुळे कळला. आज प्रत्येक विजेच्या तारेत हे दोन्ही एकत्र नांदतात. आत तांबे असते आणि बाहेर प्लास्टिकचे वेष्टन. एक वाट देते, दुसरे ती वाट सोडून जाण्यास मज्जाव करते.

मालक नसलेले धन

धातू वाट का देतो, याचे उत्तर मिळण्यास आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली. 1897 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि 1900 मध्ये पॉल ड्रूड या जर्मन शास्त्रज्ञाने धातूचे एक चित्र मांडले. बहुतेक पदार्थांत प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या अणूशी किंवा दोन अणूंमधील बंधाशी बांधलेला असतो. धातूंत मात्र प्रत्येक अणू आपल्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतील एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन सामाईक भांडवलात टाकतो. चांदी, तांबे आणि सोने प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन देतात, ॲल्युमिनियम तीन देते. हे इलेक्ट्रॉन मग कोणा एका अणूचे राहत नाहीत. ते सबंध तुकड्याचे होतात आणि त्यात मुक्तपणे वावरतात. तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अशा मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या 85 पुढे 21 शून्ये लिहावीत इतकी भरते.

धातूतून वाहणारे ते इलेक्ट्रॉनच, याचा सुंदर पुरावा टोलमन आणि स्टुअर्ट यांनी 1916 मध्ये अमेरिकेत दिला. तारेचे वेटोळे अतिशय वेगाने फिरवून त्यांनी ते एकाएकी थांबवले. धावती बस अचानक थांबली की प्रवासी पुढे फेकले जातात, तसे तार थांबली तरी आतील इलेक्ट्रॉन क्षणभर पुढे जातच राहिले. कोणतीही बॅटरी जोडलेली नसताना तारेत विजेचा झटका उमटला, आणि त्याच्या दिशेवरून व मापावरून तो इलेक्ट्रॉनांचाच असल्याचे सिद्ध झाले.

हुंडी आणि रोकड

बटण दाबताच दूरच्या खोलीतील दिवा लागतो. म्हणजे इलेक्ट्रॉन बटणापासून दिव्यापर्यंत विजेच्या वेगाने धावत जात असावेत, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्ष हिशोब चकित करणारा आहे. 2,000 वॉटचा गीझर सुमारे 9 अँपिअर विद्युतधारा घेतो. ही धारा 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून एकाच दिशेने वाहत आहे असे मानले, तर इलेक्ट्रॉनांची आगेकूच सेकंदाला सुमारे पाव मिलिमीटर भरते. तासाभरात ते मीटरभरही पुढे जात नाहीत. गोगलगायसुद्धा त्यांना सहज मागे टाकील. त्यातही घरातील वीज प्रत्यावर्ती असते. तिची दिशा सेकंदात 50 वेळा जाऊन येऊन पालटते. त्यामुळे इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाइतके पुढे सरकतात आणि तेवढेच मागे येतात. गीझर वर्षभर चालला तरी विद्युतगृहातील इलेक्ट्रॉन घरापर्यंत कधी येत नाही.

व्यापारी घराण्यांना हे कोडे उलगडणे कठीण नाही. जुन्या काळी मुंबईच्या पेढीवर रक्कम भरली, की तिची हुंडी सुरतेला किंवा जयपूरला जाई आणि तेथील पेढी आपल्या तिजोरीतील रोकड देऊन व्यवहार पुरा करी. मुंबईची नाणी जयपूरला पोहोचत नसत. पोहोचत असे तो आदेश. तारेतही तेच घडते. बटण दाबताच विद्युतक्षेत्राचा आदेश तारेलगत प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने धावतो, आणि दिव्याच्या तारेत आधीपासून असलेले इलेक्ट्रॉन जागच्या जागी हलू लागतात. तार ही रिकामी नळी नव्हे. ती सदैव भरलेली तिजोरी असते.

या संथ सरकण्याखेरीज इलेक्ट्रॉनांची आणखी एक गती असते. तांब्यातील मुक्त इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 1,600 किलोमीटर इतक्या प्रचंड वेगाने सर्व दिशांना भिरभिरत असतात. परंतु जितके उजवीकडे जातात तितकेच डावीकडे, म्हणून एकूण हिशोब शून्य राहतो. बाजारात दिवसभर गर्दीची ये-जा चालू असावी आणि संध्याकाळी मोजदाद केली तर गर्दी जागच्या जागीच असावी, तसे हे आहे. विद्युतक्षेत्र त्या गर्दीला एका बाजूला किंचित कल देते. तो किंचित कल म्हणजेच विद्युतधारा.

धर्मशाळेचे मजले

ड्रूडचे चित्र उपयोगी होते, पण त्यात उणीव होती. इतके मुक्त इलेक्ट्रॉन जर वायूच्या कणांसारखे असतील, तर धातू तापवताना त्यांनीही उष्णतेचा मोठा वाटा घ्यायला हवा. प्रत्यक्षात ते जवळजवळ काहीच घेत नाहीत. हे कोडे सुटले ते 1925 मधील पाउलीच्या नियमामुळे. एका अवस्थेत एकाहून अधिक इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत, असे तो नियम सांगतो. त्याच्या आधारे झोमरफेल्ड यांनी 1927 च्या सुमारास धातूंचा हिशोब नव्याने मांडला.

एखादी अनेक मजली धर्मशाळा डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक खोलीत एकच यात्रेकरू राहू शकतो आणि खालच्या खोल्या आधी भरतात. खालच्या मजल्यांवरच्या यात्रेकरूला हलायचे म्हटले तरी शेजारची खोली भरलेली असते. हलू शकतात ते फक्त सर्वांत वरचे, ज्यांच्या शेजारी रिकाम्या खोल्या आहेत. धातूत वरचा मजला अर्धवट भरलेला असतो, म्हणून अल्पशा प्रेरणेनेही वरच्या इलेक्ट्रॉनांना जागा बदलता येते आणि धारा वाहते. काच किंवा रबर यांच्या धर्मशाळेत सर्व भरलेले मजले काठोकाठ भरलेले असतात आणि पुढचा रिकामा मजला इतका उंच असतो की तेथवर जायला जिनाच नसतो. सिलिकॉनमध्ये ते अंतर थोडे असते. काही इलेक्ट्रॉन उडी मारू शकतात, म्हणून तो अर्धवाहक ठरतो.

शिस्त आणि भेसळ

मग रोध कोठून येतो? इलेक्ट्रॉन अणूंवर आदळतात म्हणून, असे प्रथम वाटले होते. पण तांब्यात साध्या तापमानाला इलेक्ट्रॉन सरासरी शंभराहून अधिक अणू ओलांडून मगच अडखळतो, असे हिशोबातून दिसते. याचा अर्थ 1928 मध्ये फेलिक्स ब्लॉख या तरुण शास्त्रज्ञाने लावला. इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो. अणू जर अगदी नेमक्या रांगांत, समान अंतरावर बसलेले असतील, तर ती लाट त्यांच्यामधून न अडखळता निघून जाते. अणूंची उपस्थिती तिला अडवत नाही. अडवते ती रांगेतील बेशिस्त.

ही बेशिस्त दोन प्रकारची असते. पहिली उष्णतेची. तापमान वाढले की अणू जागच्या जागी अधिक थरथरतात आणि रांग विस्कटते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. तापमान 100 अंशांनी वाढले, की रोध सुमारे 40 टक्के अधिक होतो. दुसरी बेशिस्त भेसळीची. रांगेत परका अणू बसला की लाट तेथे विखुरते. तांब्यात अवघा 0.04 टक्के फॉस्फरस राहिला तरी त्याची वाहकता पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटते. भांड्यांच्या व्यापारात इतकी अशुद्धता कोणी मोजतही नाही, विजेच्या तारेत मात्र ती खपत नाही. म्हणूनच तारेसाठीचे तांबे विजेच्याच साहाय्याने शुद्ध केलेले असते.

मिश्रधातूंची गोष्ट आणखी बोलकी आहे. शुद्ध तांब्याची वाहकता 100 मानली, तर जस्ताची सुमारे 28 भरते. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त मिळून पितळ होते. साध्या सरासरीने त्याची वाहकता 78 च्या जवळपास यायला हवी. ती येते सुमारे 28, म्हणजे एकट्या जस्ताइतकीच! दोन वाहक एकत्र आले आणि चांगल्याचे चांगलेपण संपले, कारण दोघांची रांग जमली नाही. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणातून होणाऱ्या नायक्रोमचा रोध तर तांब्याच्या साठपटीहून अधिक असतो. अर्थात, दोषाचाही उपयोग असतो. इस्त्री आणि शेगडीतील लालबुंद तार ही नायक्रोमचीच असते.

क्रमवारी आणि किंमत

वाहकतेत पहिला क्रमांक सोन्याचा असावा असे पुष्कळांना वाटते. तो मान चांदीचा आहे. आंतरराष्ट्रीय मापदंड 1913 मध्ये ठरला, तो तांब्याला 100 मानून. त्या मापाने चांदी सुमारे 105, सोने 70 च्या आसपास, ॲल्युमिनियम 61 आणि लोखंड सुमारे 17 भरते. तांब्यापेक्षा जेमतेम 5 टक्के सरस असलेल्या चांदीच्या तारा कोणी घालत नाही, हे कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. सोने मोबाइलच्या आणि संगणकाच्या सूक्ष्म जोडांवर चढवतात, ते अधिक वाहक म्हणून नव्हे, तर त्यावर गंज वा काळिमा चढत नाही म्हणून. ॲल्युमिनियम वाहकतेत मागे असले तरी वजनाने अतिशय हलके आहे. तितकाच रोध हवा असेल तर ॲल्युमिनियमची तार जाड घ्यावी लागते, पण तिचे वजन तांब्याच्या तारेच्या निम्मेच भरते. म्हणून उंच मनोऱ्यांवरून गावोगावी जाणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात आणि ताण सोसण्यासाठी त्यांच्या गाभ्यात पोलादी तारा असतात.

चांदीच्या तारा मात्र इतिहासात एकदा खरोखरच वापरल्या गेल्या. 1942 मध्ये अमेरिकेला ओक रिज येथे युरेनियमचे घटक वेगळे करण्यासाठी प्रचंड विद्युतचुंबक हवे होते आणि युद्धामुळे तांब्याची टंचाई होती. तेव्हा सरकारी खजिन्यातून सुमारे 13,300 मेट्रिक टन चांदी उसनी घेण्यात आली. लष्करी अधिकाऱ्याने मागणी टनांत सांगितली, तेव्हा खजिन्याच्या अधिकाऱ्याने चांदी येथे औंसांत मोजतात, अशी त्याला समज दिली. चांदी काटेकोर हिशोबाने वापरली गेली आणि तिचा शेवटचा भाग 1970 मध्ये परत आला. घट नगण्य होती. हिशोबाच्या दृष्टीने तो आदर्श व्यवहार ठरला. त्या चुंबकांच्या साहाय्याने वेगळे केलेले युरेनियम मात्र हिरोशिमावर पडलेल्या बाँबमध्ये गेले. धातू वाट देतो, ती कोठे न्यायची हे माणूस ठरवतो.

सोन्याची पारख

वाहकतेचा एक उपयोग थेट सराफीशी निगडित आहे. सोने ओळखण्याची जुनी खूण म्हणजे त्याचे भारीपण. एक घन सेंटिमीटर सोने 19.3 ग्रॅम भरते. दुर्दैवाने टंगस्टन हा स्वस्त धातूही 19.25 ग्रॅम भरतो. टंगस्टनच्या गाभ्यावर सोन्याचा जाड थर चढवला, तर तराजूला आणि पाण्यात बुडवून केलेल्या परीक्षेलाही ती लबाडी कळत नाही. कसोटीच्या दगडावर तर वरच्या सोन्याचाच कस उमटतो. पण टंगस्टनची वाहकता सोन्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. नाण्याजवळ प्रत्यावर्ती धारेचे वेटोळे नेले की नाण्यात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात आणि त्यांच्यावरून वाहकता मोजता येते. न ओरखडता, न वितळवता भेसळ उघडी पडते. बावीस कॅरेटच्या सोन्याची वाहकताही चोवीस कॅरेटच्या निम्म्याहून कमी असते. त्यामुळे वजनात अल्पसा फरक पाडणारी मिसळ वाहकतेत ठळकपणे दिसते. हे प्रवाह फार खोल जात नाहीत, म्हणून जाड लगडींसाठी ध्वनिलहरींची परीक्षा जोडीला घेतात.

वायरिंगचा हिशोब

दुकानाचे किंवा गोदामाचे वायरिंग नव्याने करताना मालकासमोर बहुधा दोन अंदाजपत्रके येतात. एक महाग असते, दुसरे बरेच स्वस्त. स्वस्तातील तार दिसायला तांब्याचीच असते, पण कधी कधी ती आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशी निघते. येथे सोन्याच्या नेमके उलट घडते. रंग फसवतो आणि तराजू वाचवतो. तांबे घन सेंटिमीटरला सुमारे 9 ग्रॅम, तर ॲल्युमिनियम 2.7 ग्रॅम भरते. त्यामुळे तितक्याच लांबी-जाडीच्या मुलामा दिलेल्या तारेचे वजन खऱ्या तांब्याच्या निम्म्याहूनही कमी असते. टोक खरवडले की आतील पांढरा धातू दिसतो.

हा भेद केवळ पैशाचा नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. दोन दिव्यांसाठी घातलेल्या तारेवर पुढे वातानुकूलन यंत्र जोडले, की तार आतल्या आत तापते. तापल्याने रोध वाढतो आणि वाढलेल्या रोधाने ती आणखी तापते. 1960 च्या दशकात तांबे महाग झाल्यामुळे अमेरिकेत अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. त्या तारांच्या जोडांवर ऑक्साइडचा रोधक थर चढला, दाबाखाली मऊ धातू सरकला, जोड सैल झाले आणि आगी लागल्या. दोष तारेच्या मधल्या भागात नव्हता, टोकांशी होता.

सैल जोडाचा धोका विशेष फसवा आहे. धारा प्रमाणाबाहेर वाढली तर एमसीबी पडतो, पण सैल जोडात धारा वाढतच नाही. तेथे केवळ स्पर्शाची जागा लहान होते, रोध वाढतो आणि तो एकच बिंदू तापत राहतो. एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो काळवंडलेल्या प्लगमुळे, गरम लागणाऱ्या स्विचमुळे किंवा जळकट वासामुळे. कापडाच्या, कागदाच्या किंवा धान्याच्या गोदामात ही चिन्हे दिसताच वीज बंद करून जाणकाराला बोलावणे, हा क्षणाचा विलंब न लावण्याचा विषय आहे. तारेवर आयएसआय चिन्ह पाहणे, दिव्यांना 1.5, साध्या प्लगना 2.5 आणि गीझर वा वातानुकूलनाला सामान्यतः 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेणे आणि एमसीबी तारेच्या क्षमतेनुसार बसवणे, इतका हिशोब प्रत्येक मालकाने स्वतः पाहावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याहून मोठा बसवणे म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराला गप्प करणे होय.

1911 मध्ये हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे 269 अंशांपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. अशा अतिवाहक तारांचे चुंबक आज रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांत काम करतात. नवल असे, की साध्या तापमानाला सर्वश्रेष्ठ ठरणारे चांदी, तांबे आणि सोने हे तिन्ही धातू कितीही थंड केले तरी अतिवाहक झालेले दिसलेले नाहीत. त्यांचा रोध घटतो, पण शून्य होत नाही.

घरादाराचा व्यवहार अखेर त्या साध्या तापमानालाच चालतो, आणि तेथे तारेला दोनच गोष्टी लागतात. आत शुद्ध धातू आणि टोकाला पक्का जोड. खरेदीच्या दिवशी वाचवलेले थोडे पैसे पुढे विजेच्या देयकात महिन्यामहिन्याने वसूल होतात. गोदामाला आग लागली, तर त्या बचतीचा हिशोब मांडायला वहीदेखील उरत नाही.